गाणं पाठवताना नावही पाठवा

मैत्रिणींनो, हल्ली भिशीला जमलं की लोणच्याची रेसिपी नंतर, आधी प्रश्न येतो, "नवीन काय ऐकतेस गं?" मग प्रत्येकीचा मोबाइल बाहेर येतो. म्हटलं, आपणही स्वयंपाक करता करता काय काय ऐकतो ते एकदा लिहून काढावं. काय ऐकावं ते सांगेनच, पण माझी कसोटी आधी सांगते. ती अगदी घरगुती आहे. गाणं ऐकवणारा ते गाणं कुणाचं आहे हे सांगतो का?

या कसोटीवर पहिला नंबर अजूनही रेडिओचाच. आम्ही बेळगावकर याबाबतीत भाग्यवान. धारवाडचं केंद्र १९५० चं, सांगलीचं १९६३ चं. एका कानानं कन्नड, दुसऱ्या कानानं मराठी. गाण्याआधी गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा हे निवेदक सांगणारच. गदिमा, शांताबाई, खेबुडकर ही नावं आमच्या तोंडी बसली ती पोळ्या लाटता लाटता. आता आकाशवाणीची केंद्रं 'न्यूज ऑन एअर' या अॅपवर मोबाइलवरही लागतात. लेकी-सुना परगावी असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

गाण्यांच्या अॅपची सोय मोठी, हे मान्यच. मनात आलं ते गाणं दोन मिनिटांत हजर. पण पडद्यावर दिसतो तो गायकाचा फोटो. गीतकाराचं नाव शोधायला दोन-तीन ठिकाणी बोट लावायचं, आणि तरी कधी कधी ते नसतंच. गाणं संपलं की यंत्र स्वतःच पुढचं लावतं, मधे बोलायला कुणी नाही.

एक उदाहरण बघा. 'साधी माणसं' हा १९६५ चा चित्रपट. त्यातलं 'ऐरणीच्या देवा' सगळ्यांना माहीत. कुणालाही विचारा, लतादीदींचं गाणं म्हणून सांगेल. खरंच आहे, पण अर्धंच. त्याची चालही लतादीदींचीच. 'आनंदघन' या नावानं त्या संगीत द्यायच्या. आणि शब्द जगदीश खेबुडकरांचे, म्हणजे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे. पडद्यावर फक्त गायिका राहिली, तर एका बाईनं संगीतकार म्हणून केलेलं काम झाकलं जातं आणि कवी तर पार पुसला जातो. शांता शेळके यांनीही काही गाणी 'वसंत अवसरे' या नावानं लिहिली. असं सांगणारं कुणी नसेल, तर पुढच्या मुलींना त्या गाण्यामागं बाई आहे हे कळायचं कसं?

आमच्या शेजारच्या अक्कांना हे पटत नाही. त्या म्हणाल्या, "नावात काय ठेवलंय गं? आपल्यात गुप्तदान मोठं मानतात न्हवं?"

मी म्हटलं, "अक्का, गुप्तदान देणारा स्वतःच्या मर्जीनं नाव झाकतो. दुसऱ्यानं त्याचं नाव काढून टाकलं, तर त्याला दान कसं म्हणायचं?"

अक्का हसल्या. "मग अचौर्यात बसंल ते," म्हणाल्या.

मला तो शब्द पटला. आनंदघन, वसंत अवसरे ही नावं त्या दोघींनी स्वतः घेतली होती. अॅपनं किंवा आपण नाव गाळलं, तर त्यांची मर्जी कुणी विचारली? आणि प्रश्न फक्त मानाचा नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, ती गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा मिळत राहावा म्हणून. ज्याचं नाव कुठं लिहिलेलंच नाही, तो वाटा मागणार कशाच्या जोरावर?

आपल्याकडे चार दानांत शास्त्रदान आहे. दहाव्या शतकात अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या, ही कथा सीमाभागातल्या जैन घरांतून मुलींना सांगितली जाते. छापखाना नव्हता, एकेक प्रत हातानं. आज आपण एका बोटानं शंभर जणींना गाणं पाठवतो. पण तिच्या हजार प्रतींबरोबर पोन्नाचं नाव गेलं. आपल्या शंभर फॉरवर्डमध्ये कवीचं नाव किती वेळा जातं?

आता माझ्या शिफारशी. पुस्तक ऐकायचं असेल तर 'स्टोरीटेल' बघा. २०१७ पासून आपल्याकडे आहे, मराठी पुस्तकं भरपूर. मला आवडलं ते हे, की लेखकाच्या जोडीला वाचणाऱ्याचंही नाव दिलेलं असतं. महिन्याचे पैसे पडतात, हे मात्र लक्षात ठेवा. आणि कुणाचं वाचन सपाट वाटलं तर थोडं ऐकून दुसरं पुस्तक लावावं, संकोच नको.

दुसरी शिफारस 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळाची. अलका विभास यांनी ते चालवलं आहे. तिथं गाण्याचे पूर्ण शब्द आणि त्याखाली गीत, संगीत, स्वर, चित्रपट असं सगळं नीट मांडलेलं असतं. मोठमोठ्या कंपन्यांना जे जमत नाही, ते इथं आपुलकीनं केलेलं दिसतं. मी गाणं अॅपवर लावते आणि शब्द तिथं वाचते. ऐकण्याची गोडी दुप्पट होते, करून बघा.

आणि एक विनंती. गटात गाणं पाठवाल तेव्हा खाली तीन नावं टाका : शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा. टाइप करायला अर्धं मिनिट लागतं, तेवढ्यात दूध उतू जात नाही.