लेखाखालचं नाव

मंडळी, गेल्या महिन्याभरात तुमच्या फोनवर आलेलं मराठी साहित्य एकदा डोळ्यांखालून घाला. पु. लं.च्या नावावर चार विनोद, व. पुं.च्या नावावर डझनभर सुविचार, कुसुमाग्रजांच्या नावावर एखादी पावसाची कविता, आणि उरलेल्या सगळ्याखाली 'अज्ञात' किंवा 'जसं आलं तसं पाठवलं'. हेच पूर्वी इ-मेलने यायचं, तेव्हा आपण त्याला 'ढकलपत्र' म्हणायचो. आता व्हॉट्सॲप आलं, ढकलणं मात्र तेच राहिलं. संध्याकाळी बार्टने डब्लिनला पोचेपर्यंत एकच लेख तीन ग्रुपांवरून तीन वेगवेगळ्या लेखकांच्या नावांनी आलेला असतो.

यावर कुणी हरकत घेतली की ठरलेलं उत्तर मिळतं, "अहो, भाव बघा, नावाचं काय घेऊन बसलात?" ऐकायला हे मोठं उदार वाटतं, जणू आपली संतपरंपराच बोलते आहे. पण संतांनी तर नेमकं उलट केलं! तुका, नामा, जनी, चोखा या सगळ्यांनी अभंगाच्या शेवटी आपलं नाव गुंफलं. छापखाना नव्हता, शब्द तोंडोतोंडी जायचे. 'मी'पणा सोडा असं सांगणाऱ्यांनी नाव मात्र सोडलं नाही. तो अहंकार नव्हता. 'हे मी म्हटलं आहे' अशी ती ग्वाही होती. दळणकांडण करणाऱ्या जनाबाईचं नाव सुमारे सातशे वर्षं टिकलं, त्यात या नाममुद्रेचा वाटा मोठा आहे.

चोरी तेव्हाही होतीच. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोची गोष्ट प्रसिद्ध आहे. संसारावर पाणी सोडलेल्या तुकोबांनाही ते खपलं नाही. गाथेत त्याचा समाचार घेणारे अभंग आहेत. तेव्हा 'भाव बघा, नाव सोडा' ही शिकवण निदान तुकोबांच्या माथी मारू नये.

आता आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं एक उदाहरण घेऊ. मुलाच्या शिक्षकाला लिंकनने लिहिलेलं पत्र! महाराष्ट्रात किती शाळांच्या भिंतींवर, किती बैठकींच्या खोल्यांत ते फ्रेम करून लावलेलं आहे, याची गणती नाही. पण ते लिंकनने लिहिल्याचा काही पुरावा नाही. लिंकनचं समग्र लेखन १९५३ साली इथे अमेरिकेत आठ खंडांत प्रसिद्ध झालं, त्यात हे पत्र नाही. ज्या मजकुराने आपले डोळे पाणावले तो मराठीत आणला कवी वसंत बापट यांनी. बापट म्हणजे राष्ट्र सेवा दलात घडलेले, 'साधना'चं संपादन केलेले. बापाच्या तोंडी शोभेल अशी आर्जवाची, साधी, लयदार मराठी त्यांनी त्या मजकुराला दिली. तो पाठ व्हावासा वाटतो तो त्या मराठीमुळे. पण आपण भारावलो ते लिंकनच्या नावाने, आणि पुढच्या प्रतींमधून बापटांचं नाव बारीक होत होत गळूनच गेलं. एका मराठी कवीची मेहनत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या खात्यावर जमा झाली. यात अनुवादकाचा दोष नाही. मोठं नाव दिसलं की तपासायचं नाही, या आपल्या सवयीचा तो दोष आहे. आणि गंमत म्हणजे ते पत्र सचोटीबद्दल आहे!

मग नाव लपवणं नेहमीच वाईट का? तसं मुळीच नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं स्पष्ट लिहिलं होतं की एकच गदारोळ उठला. ही बाई कोण, की बाईच्या नावाने लिहिणारा कुणी पुरुष, अशा चर्चा झडल्या. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. खरं नाव उघड झालं असतं तर त्या काळच्या समाजाने त्यांना काय भोगायला लावलं असतं, याची कल्पना आपण करू शकतो. पण त्यांनी घेतलेलं नाव वाऱ्यावर सोडलं नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत, त्यांनी काम केलं, आणि त्यावरची 'बळी' ही कादंबरी १९५० साली त्याच नावाने आली. नाव टोपण होतं, जबाबदारी खरी होती.

मला वाटतं, कसोटी इथेच आहे. नाव झाकून बोलणारा बलवानाविरुद्ध बोलतो आहे की दुबळ्याविरुद्ध? धोका तो स्वतः पत्करतो आहे, की दुसऱ्यावर ढकलतो आहे? चार महिने रात्री जागून कार्यक्रम उभा करणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याला बनावट नावाने झोडपणारा माणूस विभावरीबाईंच्या पंगतीत बसू शकत नाही. आणि आपलंच मत पु. लं.च्या नावावर खपवणारा तर सालोमालोच्याही पुढे गेला. सालोमालोने दुसऱ्याचे शब्द चोरले, हा दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द कोंबतो.

हे सगळं आपल्या घरापर्यंत येतं ते मुलांमुळे. इथल्या शाळेत प्राथमिक वर्गापासूनच शिकवतात की माहिती कुठून घेतली ते लिहा, दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून देऊ नका. तीच मुलं घरी आपल्याला मजकुराखालचं नाव पुसून पुढे पाठवताना पाहतात. मराठी भाषा त्यांना द्यायची म्हणून आपण रविवारी शाळा चालवतो; मग मराठीतलं लेखन म्हणजे बेवारशी माल, अशी समजूत त्यांच्यासाठी मागे ठेवायची का?

करायचं काही फार नाही. नाव असेल तर ते ठेवा. नसेल तर पाठवणाऱ्याला विचारा. शंका असेल तर 'लेखक माहीत नाही' असं सरळ लिहा, पण अंदाजाने मोठं नाव चिकटवू नका. आणि चूक कळली तर ज्या ग्रुपवर पाठवलं त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाका. या स्मरणिकेतल्या प्रत्येक लेखाखाली आपल्यातल्याच कुणाचं तरी नाव आहे. एखादा लेख आवडला, किंवा मुळीच पटला नाही, तर दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत त्या लेखकाला जरूर गाठा. त्यासाठीच तर नाव छापतात!