गझालींचा संशय आणि नववीचा वर्ग

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीचा वर्ग, दुपारच्या सुट्टीनंतरचा तास. धडा कोणता चालला होता ते आता आठवत नाही. शेवटून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, की सर, स्वप्नात असतो तेव्हा सगळे खरेच वाटते; मग आत्ता आपण जागे आहोत हे कशावरून? वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि म्हणालो, "मूं धोको आ." ती खरोखरच नळावर गेली, तोंड धुऊन आली, ओढणीने पुसले आणि बसली. त्या वर्षभरात तिने पुन्हा काही विचारले नाही.

पुढल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही इमाम गझालींचे 'अल-मुन्किझ मिनझ्-झलाल' हे पुस्तक हाती घेतले. नावाचा अर्थ साधारण असा, की भ्रमातून सोडवणारा. उर्दू तर्जुमा समोर होता, आणि अडेल तेथे माँटगोमेरी वॅट यांचा १९५३ चा इंग्रजी अनुवाद. सुरुवातीच्याच काही पानांत त्या मुलीचा प्रश्न आम्हाला भेटला. जवळपास जसाच्या तसा. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेला. त्या दिवशी पुढे वाचणे झाले नाही.

तत्त्वज्ञानाशी आमची तोवरची ओळख म्हणजे बी.एड.चा एक पेपर. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद. प्लेटो, रूसो, ड्यूई. प्रत्येकाचे शिक्षणविषयक विचार पाच मुद्द्यांत, गाइडमधून पाठ केलेले. रूसोला कधी रात्री झोप आली नसेल, प्लेटोचा गुरू विष पिऊन मेला तेव्हा प्लेटोला काय वाटले असेल, हे त्या पेपरात कोणी विचारत नव्हते. घरी वेगळी तऱ्हा. मेल्यावर माणसाचे काय होते, अल्लाहला कोणी निर्माण केले, असले काही लहानपणी तोंडून निघाले की दादी म्हणायची, "तौबा कर." कॉलेजात पाच मुद्दे आणि घरी तौबा, यांच्या मधल्या जागेत हे प्रश्न पडून राहिले आणि आम्ही स्वतः शिक्षक झालो.

गझालींची पुस्तके आमच्या समाजाला अनोळखी नाहीत. 'कीमिया-ए-सआदत' आणि 'इह्या-उल-उलूम'चे तर्जुमे कित्येक घरांत कपड्यात गुंडाळून ठेवलेले असतात. शिबली नोमानींनी उर्दूत त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो आमचे वडीलधारे वाचत. पण 'मुन्किझ' हे छोटे पुस्तक त्या मानाने मागे राहिले आहे. ते मोठ्या ग्रंथांसारखे उपदेश करत नाही. पन्नाशी ओलांडलेला एक माणूस एका दीनी भावाला सांगतो आहे, की मी कोठे कोठे अडखळलो.

इमाम गझालींचा जन्म १०५८ चा, खुरासानातील तूस गावचा. वडील लवकर गेले. १०९१ मध्ये वजीर निझामुल्मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निझामिया मदरशात नेमले, तेव्हा वय तेहतीस. म्हणजे आम्हाला आज जे वय आहे त्याच्या आसपासचेच. तीनशे विद्यार्थी आपल्यापुढे बसत, असे ते स्वतः लिहितात. अशा माणसाने, अशा पदावर बसून, आपल्याला नक्की काय माहीत आहे हा प्रश्न स्वतःला घातला असता का, असे वाटते. पण त्यांनी आधीच घातला होता. लहान वयातच त्यांनी पाहिले, की ख्रिस्ती घरातले मूल ख्रिस्ती होते, यहुद्याचे यहुदी आणि मुसलमानाचे मुसलमान. मग यात ऐकीव किती आणि खरे ज्ञान किती? ज्ञान म्हणजे त्यांच्या मते असे, की दहा हे तीनपेक्षा जास्त. कोणी काठीचा साप करून दाखवला आणि म्हणाला, बघ, म्हणून तीन हे दहापेक्षा जास्त, तर साप कसा केला याचे नवल वाटेल. दहाबद्दल शंका येणार नाही. चमत्काराला नमस्कार करणाऱ्या आमच्या मुलखात हे उदाहरण शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे.

या मापाने ते एकेक गोष्ट मोजू लागतात. डोळ्यांना सावली थांबलेली दिसते, पण तासाभराने पाहावे तर ती सरकलेली असते. तारा दीनाराएवढा दिसतो आणि भूमिती सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. म्हणजे इंद्रिये खोटे बोलतात आणि त्यांचे खोटे अक्कल पकडते. ठीक. पण मग इंद्रियेच त्यांना उलट विचारतात, की आमच्यावर न्यायाधीश निघाला तसा अक्कलेवर कोणी निघाला तर? येथेच स्वप्न येते. झोपेत जे खरे वाटते ते जागे झाल्यावर फुसके ठरते. मग जागेपणही फुसके ठरेल अशी एखादी अवस्था नसेलच कशावरून? कदाचित ती सूफींची अवस्था असेल, कदाचित मृत्यू असेल. फ्रान्सच्या देकार्तने १६४१ च्या आपल्या ग्रंथात हाच स्वप्नाचा मुद्दा मांडला आणि आधुनिक तत्त्वज्ञानाचा आरंभ तेथून मोजतात. कोणी कोणाचे घेतले या वादात आम्हाला पडायचे नाही. आम्हाला एवढेच लागले, की नववीतल्या त्या मुलीने कोणाचेच घेतले नव्हते.

सुमारे दोन महिने हा आजार राहिला. तोंडाने काही कबूल न करता आतून आपण संशयवादी होतो, असे गझाली मोकळेपणाने लिहितात. मग बरे कसे झाले? कोणत्या युक्तिवादाने झाले नाहीत. अल्लाहने छातीत एक प्रकाश टाकला. एवढेच. संशयाची पायरीन् पायरी दाखवणारा लेखक या प्रकाशाजवळ येतो आणि हात आखडता घेतो. वाचकाला वाटते, येथे काही पाने गळाली आहेत की काय! आमच्या मते या पुस्तकाची ही सर्वांत प्रामाणिक जागा आहे आणि सर्वांत अडचणीचीही. प्रामाणिक अशासाठी, की ज्याला पुरावा नव्हता त्याचा पुरावा त्यांनी बनवला नाही. अडचणीची अशासाठी, की ज्याच्या छातीत तो प्रकाश पडला नाही त्याने काय करावे, हे सांगायचे राहून जाते.

पुढे सत्याचे चार दावेदार ते तपासतात: कलामवाले, फलसफी, बातिनी आणि सूफी. फलसफा त्यांनी शिकवणीतून वेळ काढून, उस्तादाशिवाय, दोन वर्षांहून कमी काळात वाचून काढला आणि आणखी वर्षभर त्यावर विचार केला. ज्याला खोडायचे ते आधी त्यातल्या सर्वांत मोठ्या जाणकाराइतके समजून घ्यावे, हा त्यांचा नियम. आजच्या आमच्या वादविवादांत हा नियम कोठे दिसतो, हे वाचकांनीच पाहावे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. एक मंडळी म्हणतात, गझालींनी मुसलमानांतली विज्ञानाची वाट बंद केली. दुसरी मंडळी त्यांचेच नाव घेऊन प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करतात. दोघांनीही 'मुन्किझ' वाचलेले दिसत नाही. विश्व अनादि आहे, अल्लाहला बारीकसारीक गोष्टींचे ज्ञान नाही आणि कयामतीला शरीर उठणार नाही, या फलसफ्यांच्या तीन मतांना त्यांनी कुफ्र ठरवले, हे खरे. पण गणित आणि तर्कशास्त्र यांचा दीनशी काही झगडा नाही, असे ते स्वच्छ लिहितात. ग्रहणाचे गणित नाकारून आपण इस्लामची सेवा करतो असे मानणाऱ्याला ते इस्लामचा अडाणी मित्र म्हणतात. त्यांच्यानंतरही नसीरुद्दीन तूसींनी १२५९ मध्ये मराग्याची वेधशाळा उभारली आणि चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये इब्न शातिर ग्रहांचे गणित मांडत होते. वाट बंद झाली असेल तर तिचा दोष एका माणसाच्या माथी मारणे सोपे आहे, इतकेच.

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रात खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात गरोदर बायकांना विळी-सुरीला हात लावू दिला नाही. शेजारच्या गल्लीत हिंदू घरांतही तेच. या एका बाबतीत कौमी एकता अगदी पक्की! ग्रहण कोणाच्या जगण्या-मरण्यामुळे लागत नाही, असे खुद्द पैगंबरांनी (स.) आपल्या मुलाच्या मृत्यूच्या दिवशी सांगितले होते. गझाली तीच हदीस पुढे ठेवतात. मशिदीत कुसूफची नमाज झाली आणि घरात सुरी लपवली गेली, हे दोन्ही एकाच सकाळी.

आता १०९५ चे साल. हा भाग आम्ही तीनदा वाचला. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी, हा प्रश्न गझालींना सहा महिने छळत राहिला. सकाळी निघायचे ठरवावे आणि संध्याकाळी मन फिरावे. शेवटी जीभच चालेना. वर्गात उभे राहावे आणि शब्द फुटू नये. घास गिळवेना, पाणी उतरेना. हकीम म्हणाले, दुखणे मनातून शरीरात उतरले आहे, औषध चालणार नाही. ज्याने कधी रिकाम्या मनाने पाठ केलेला धडा चाळीस मुलांपुढे म्हणून दाखवला आहे, त्या शिक्षकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आमची जीभ मात्र कधी अडली नाही. पगार होत गेला, तास होत गेले.

हजला जातो असे सांगून ते शामकडे निघाले. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या मिनारात दिवसभर दार लावून बसत. नंतर बैतुल मुकद्दस, मग मक्का-मदीना. या सफरीतून ते ज्या शब्दापाशी येतात तो 'झौक'. आरोग्याची व्याख्या माहीत असणे आणि निरोगी असणे वेगळे; नशेची व्याख्या माहीत असणे आणि नशेत असणे वेगळे. सूफींचे जे खास आहे ते चाखल्याशिवाय कळत नाही. उर्दूत आज 'झौक' शब्द पातळ झाला आहे. झौक-ओ-शौक म्हणजे आवडीनिवडी. गंमत अशी, की आम्हाला त्याचा मूळ भार मराठीतून कळला. 'अनुभव' आणि 'प्रचीती' हे शब्द संतांच्या वापरातून अजून जड राहिले आहेत. चांद बोधल्यांचे शिष्य, श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिले, तेव्हा त्यांच्याजवळ या दोन्ही भाषांचे धन होते. आमच्याकडे 'मुन्किझ'चा चांगला मराठी अनुवाद कोणी करील तर त्याने या शब्दापाशी थांबून विचार करावा.

पण पुस्तकाविषयी आमच्या तक्रारीही आहेत. बातिनींशी ते न्यायाने वागत नाहीत. इतरांना तपासणारा शांत आवाज येथे चढतो. निझामुल्मुल्क यांचा खून १०९२ मध्ये झाला आणि तो बातिनींच्या नावावर घातला गेला. बातिनींविरुद्ध लिहिण्याचा हुकूम खलिफाकडून आला होता. खुनाविषयी, भीतीविषयी पुस्तकात अवाक्षर नाही. बगदाद सोडण्यामागे ही भीती असावी, असे काही आधुनिक अभ्यासकांनी सुचवले. आम्हाला ते पूर्ण पटत नाही, पण मौन खटकते. दुसरे, घर सोडताना मुलाबाळांपुरते ठेवून बाकीचे धन वाटले, असे ते सांगतात, आणि पुढे मुलांच्या ओढीने परत आलो असेही. या दोन वाक्यांच्या मध्ये वर्षे आहेत. त्या वर्षांत त्यांच्या बीबीने काय केले? सत्याच्या शोधात पुरुष घराबाहेर पडतो तेव्हा चूल कोण पेटवते, हा प्रश्न गझालींना पडलेला दिसत नाही. संतचरित्रे वाचतानाही आम्हाला तो पडतो.

आणि तिसरी तक्रार सर्वांत मोठी. गझाली म्हणतात, सामान्यांना फलसफ्याच्या पुस्तकांपासून दूर ठेवावे. पोहता न येणाऱ्याला काठावर जाऊ देत नाहीत तसे. गारुड्याने आपल्या लहान मुलासमोर साप हाताळू नये, कारण मूल नक्कल करील. गणितासारख्या निरुपद्रवी विद्येच्या बाबतीतही ते लगाम ओढायला सांगतात, कारण गणिताचा नेमकेपणा पाहून माणूस फलसफ्यांचे सगळेच खरे मानू लागेल. त्यांच्या काळात हे चालले असेल. तेव्हा पुस्तके मोजक्या हातांत होती. आज आमच्या नववीतल्या मुलांच्या हाती मोबाइल आहे. खुदा नाही येथपासून पृथ्वी सपाट आहे येथपर्यंत सगळे ती रात्री पांघरुणात बघतात आणि सकाळी आमच्यापुढे गणवेशात बसतात. मूल काठावर नाही, ते कधीच पाण्यात उतरले आहे. आणि ज्या मुलीने जागेपणाचा प्रश्न विचारला तिने कोणताही साप पाहिला नव्हता. तो प्रश्न तिचा तिला सुचला होता, जसा गझालींना त्यांचा सुचला. त्यांना तो विचारण्याचा अधिकार होता आणि तिला नव्हता, असे त्यांच्याच पुस्तकावरून सिद्ध करता येत नाही. शिवाय गझालींनीच पुढे म्हटले आहे, की ज्या गारुड्याने विषाचा उतारा काढला आहे त्याने तो गरजवंताला नाकारू नये. आमच्याजवळ उतारा नव्हता, हे एक वेळ चालले असते. तसे तिला सांगता आले असते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सध्याच्या नववीला तारा आणि दीनाराचा तेवढा भाग सोप्या उर्दूत वाचून दाखवला. दोन मुले पुढच्या दिवशी मैदानात काठी रोवून सावली मोजत बसली होती. प्रकाशाविषयी एकाने विचारले, सर, तो आला नसता तर? आम्ही म्हणालो, आम्हालाही माहीत नाही.

ती मुलगी आता बारावी सायन्सला आहे. रमजानच्या बाजारात आईबरोबर दिसली. आम्ही तिला अडवून सांगितले, की तू विचारलेला सवाल एका मोठ्या किताबात सापडला. ती गोंधळली. थोडे आठवून पाहिले. मग म्हणाली, "सवाल तो याद नै सर. मूं धोको आ बोले थे, वो याद है." आईने तिला दटावले, सरांशी असे बोलतात का म्हणून. आम्ही खजुराच्या गाड्याकडे वळलो.