छायाचित्रांतील छाया

युरोपीय भाषांनी कॅमेऱ्याच्या कलेस प्रकाशावरून नाव दिले. आपण मात्र तिला छायाचित्रण म्हणतो. हे नाव ज्याने कोणी योजिले असेल त्याने कलेचे अर्धे मर्म सांगून ठेविले आहे. प्रकाशाला आकार येतो तो छायेमुळेच. असे असता आजच्या छायाचित्रांतून छायाच हद्दपार होऊ लागली आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. किल्ल्याचे चित्र असो, देवळाचे असो की लग्नमंडपाचे असो, आकाश निळेगर्द, कोनाडा लख्ख, आणि दोहोंमध्ये अंधाराचा लवलेश नाही! ज्या तंत्राच्या दुरुपयोगाने हे घडते त्यास 'हाय डायनॅमिक रेंज', संक्षेपाने एच.डी.आर., म्हणतात, आणि त्याच्या उत्तरार्धास 'टोन मॅपिंग' असे नाव आहे. त्या तंत्राची निंदा करावी, असा आमचा हेतू नाही. त्याचा गुण कोणता व दोष कोठून येतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

मूळ अडचण खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पूर्णा व केळना यांच्या संगमावरील जाफराबाद हे जुन्या तटबंदीचे गाव. वैशाखातल्या भर दुपारी अशा गावच्या जुन्या दरवाजाखाली कोणी उभा राहिला तर बाहेरच्या उन्हाची तीव्रता सुमारे एक लक्ष लक्स असते, आणि आतल्या काळोख्या कोपऱ्यात ती काही दशकांवर येते. म्हणजे एकाच दृष्टिक्षेपात हजारो पटींचे अंतर! आपला डोळा हे अंतर सहज पेलतो. कारण तो एका जागी स्थिर राहत नाही. तो आत वळला की बाहुली विस्फारते, नेत्रपटल अधिक संवेदनक्षम होते, आणि मेंदू ही सारी दर्शने जुळवून एक अखंड देखावा उभा करितो. कॅमेऱ्यास एकाच क्षणाचे माप ठाऊक. बाहेरचे ऊन साधले तर आत डांबर. आतला दगड साधला तर बाहेर नुसता पांढरा डाग. पुढे छापताना दुसरी अडचण येते. पांढऱ्याशुभ्र कागदाचे तेज काळ्याकुट्ट शाईच्या फार तर शंभरपट भरते. खंडीभर धान्य पायलीत बसवावे, तसा हा प्रकार आहे.

यांतील पहिली अडचण आता सुटली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० नंतरच्या दशकातच आकाशाची एक काच व समुद्राची दुसरी काच घेऊन एक चित्र छापले होते. पुढे १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी या युक्तीस गणिताचे अधिष्ठान दिले. एकाच दृश्याची कमीअधिक उजेड घेतलेली अनेक चित्रे घ्यावयाची. प्रत्येकातील अति काळे व अति पांढरे बिंदू अविश्वसनीय मानून मधल्या बिंदूंस अधिक वजन द्यावयाचे. आणि त्यांवरून प्रत्येक स्थळीचे खरे तेज काढावयाचे. हे मोजमाप आहे. यात रसिकाने वाद घालण्याजोगे काही नाही.

वाद आहे तो पुढे. हे अफाट मोजमाप कागदाच्या किंवा पडद्याच्या पायलीत कसे भरावे? एरिक राइनहार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जो मार्ग सुचविला, त्यात अंधाऱ्या छटा जवळजवळ जशाच्या तशा राहतात आणि तेजस्वी छटा चढत्या प्रमाणात दाबल्या जातात. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स छटांची जी मोजणी करीत असत, तिचा आधार या मार्गास आहे. त्याच वर्षी ड्युरांड व डॉर्सी यांनी दुसरा मार्ग दाखविला: चित्रातील मोठे उजेड-अंधार निराळे काढावे, बारीक तपशील निराळे ठेवावे, आणि फक्त पहिल्यांस दाबावे. दोन्ही मार्ग बुद्धिमान आहेत. परंतु छटांची ही दाबादाब अतिरेकास गेली की काय होते, हे आपण नित्य पाहतो. तटाच्या कडेभोवती विनाकारण तेजोवलय उमटते, ढग पिंजलेल्या कापसासारखे मळकट होतात, आणि शेकडो पावसाळे सोसलेला दगड मेणाचा वाटू लागतो.

आमचा मुख्य आक्षेप मात्र याहून खोल आहे. जाफराबादच्या त्या दरवाजाखाली सावलीचा जो गारवा वाटतो, तो बाहेरच्या तापलेल्या उन्हाच्या नात्याने. दोहोंस सारखाच उजेड वाटून दिला की दगड दिसतो, कमान दिसते, पण दुपार नाहीशी होते. तपशील वाचविण्याच्या लोभाने चित्रकाराने वेळच गमावली, असे म्हणावे लागते.

यावर कोणी जवळच्याच अजिंठ्याचा दाखला देईल, आणि तो दाखला बिनतोड आहे. अंधार कागदावर कसा आणावा, हा प्रश्न त्या लेण्यांनी दीडशेहून अधिक वर्षे सर्वांस घातला आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तेथे राहून केलेल्या तैलप्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्या प्रती केल्या; त्यांतीलही पुष्कळ लंडनलाच आगीत गेल्या. अलीकडे बेनॉय बहल यांनी १९९१ पासून प्रखर दिवे न लावता, गुहेतल्या मंद प्रकाशातच भित्तिचित्रांची छायाचित्रे घेतली, आणि जे रंग प्रेक्षकाच्या नजरेस निसटत होते ते हाती आले. येथे अंधार उघडणे हीच सेवा होय; कारण भिंतीवरील रंग झिजत आहे व त्याची नोंद राहिली पाहिजे. परंतु नोंद ही एक वस्तू व दर्शन ही दुसरी. जो वाचक पद्मपाणीचे झगझगीत चित्र मनात धरून पहिल्या लेण्यात शिरेल, तो तेथील काळोखाने हिरमुसेल, आणि डोळा निवण्याची वाट न पाहताच परत फिरेल. नोंदीने दर्शनाची जागा घेतली म्हणजे असा घात होतो.

दर्शन कसे साधावे हे आपल्याच एका चित्रकाराने दाखवून ठेविले आहे. सावंतवाडीकडचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी सुमारे १९४५ मध्ये आपल्या कन्येस समोर उभे करून, हाती निरांजन घेतलेल्या स्त्रीचे जलरंगांत चित्र काढिले. ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्यातील ज्योत कागदाहून अधिक उजळ असणे शक्यच नाही. तरी ती पेटलेली भासते! कारण हळदणकरांनी भोवतालचा सारा पट ज्योतीसाठी खाली उतरविला, ज्योत झाकणाऱ्या बोटांतून लाली झिरपू दिली, आणि बाकीचे कित्येक तपशील अंधारास सुखाने देऊन टाकिले. हेच खरे टोन मॅपिंग होय. कोणत्या छटेने कोणासाठी माघार घ्यावी, हे त्यांनी स्वतः ठरविले.

आज हातातला मोबाईल हा निर्णय आपणांस न विचारताच घेतो. त्याचा निर्णय कित्येकदा योग्यही असतो. पण तो सर्व घरांत, सर्व ऋतूंत, सर्व प्रहरी एकच असतो. म्हणून चित्र पाहताना 'सगळे दिसते काय?' एवढेच विचारून थांबू नये. 'ती कोणती वेळ होती, हे कळते काय?' असेही विचारावे. ज्या चित्रात सकाळ, दुपार व दिवेलागण ओळखू येत नाही, ते कितीही स्पष्ट असले तरी अपुरेच आहे. घरातील मुलांच्या हाती कॅमेरा देताना त्यांस थोडी सावली राखण्यास शिकवावे, एवढीच आमची सूचना आहे.