वस्ती उठते, टोळी मुरते

मुंबईच्या टोळ्यांविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक गिरणगावात सुरू होते आणि गिरणगावातच संपते. १९८२ चा संप फसला, चुली विझल्या, पोरे टोळीत गेली. जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) नाटकाने हे वास्तव कामगाराच्या घरात बसून प्रामाणिकपणे मांडले. पुढच्यांनी त्याचा साचा केला. गिरण्यांच्या जागी मॉल आले, चाळींच्या जागी टॉवर आले, तेव्हा टोळीही इतिहासजमा झाली, असे हा साचा सुचवतो. ते खरे आहे काय?

डॅनियल बेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये गुन्हेगारी ही स्थलांतरितांची वर चढण्याची आडवाटेची शिडी आहे, असे प्रतिपादन केले. आयरिश, ज्यू, इटालियन असे एकेक गट ती चढले, उपनगरांत गेले, मुख्य समाजात मिसळले. जुनी वस्ती विरघळली आणि टोळीला पोरे मिळेनाशी झाली. फ्रान्सिस इयान्नीने १९७४ मध्ये 'ब्लॅक माफिया' लिहून आता ही शिडी काळ्यांच्या हाती येत असल्याचे मांडले. पण शिडी चढूनही काळ्या माणसाला गोऱ्यांत विरघळता येत नाही. आमचा प्रश्न याच्या जवळचा आहे. जात पत्त्याबरोबर बदलत नाही.

आता उपनगरांकडे पाहावे. चेंबूरच्या टिळकनगरात सहकार थिएटरबाहेर तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्या पोरांतून छोटा राजन पुढे आला. तो काळाबाजार संपला. दारू आणि मटक्याचेही जुने राज्य राहिले नाही. राहिली ती जमीन. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. योजनेला ७० टक्के झोपडीधारकांची संमती लागे; पुढे ती अट ५१ टक्क्यांवर आली. संमती ही जिथे बाजारातली वस्तू होते, तिथे ती मिळवून देणारा, न देणाऱ्याला 'समजावणारा' माणूस लागतोच. कालचा दादा आज कार्यकर्ता म्हणून फलकावर हात जोडून उभा असतो.

भायखळ्याच्या दगडी चाळीचा अरुण गवळी २००४ मध्ये चिंचपोकळीतून आमदार झाला. मात्र ज्या खुनासाठी त्याला २०१२ मध्ये जन्मठेप झाली, तो गिरणगावातला नव्हता. २ मार्च २००७ रोजी घाटकोपरच्या असल्फा भागात नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांना त्यांच्या घरात गोळ्या घातल्या गेल्या. सरकारपक्षाच्या म्हणण्यानुसार सुपारी तीस लाखांची होती आणि मुळाशी जमिनीच्या व्यवहारातले वैर होते. गिरणगावची टोळी उपनगराच्या जमिनीपर्यंत आली, पण आमची कथा तिच्यामागे आली नाही.

१९९७ हे वर्ष या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. १२ ऑगस्टला अंधेरीत गुलशन कुमार यांचा खून झाला. त्याच्या महिनाभर आधी, ११ जुलैला, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. पहिल्या घटनेभोवती अंडरवर्ल्डचे अख्खे वाङ्मय उभे राहिले. दुसरी आनंद पटवर्धनांच्या माहितीपटात आणि आमच्या शाहिरांच्या तोंडी राहिली. हिंसा कोणाची मोजायची, हे लेखणी कोणाच्या हाती आहे यावर ठरते.

अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहीत होते. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांच्यातला माणूस त्यांनी 'फकिरा'त (१९५९) उभा केला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्याची नजर गेली नाही. माझ्या वर्गातली मुले नोकरीच्या अर्जावर वस्तीचे नाव गाळून नुसते 'घाटकोपर पूर्व' लिहितात. याला विलीनीकरण म्हणायचे असेल तर ते लपण्याचे दुसरे नाव आहे.

म्हणून टोळीचे भवितव्य टॉवरच्या उंचीवरून सांगता येणार नाही. वस्ती समाजात मिसळण्याआधीच टोळीचा वरचा थर प्रतिष्ठितांत मुरला. खाली गोळी झाडणारा आणि गोळी खाणारा मात्र अजून वस्तीतला पोरगाच आहे. आज रमाबाई नगराचाही पुनर्विकास होऊ घातला आहे. तिथे संमती कोण गोळा करतो, घर कोणाला मिळते, कोण विरारपलीकडे फेकला जातो, हे आमच्या कथाकाराने आताच टिपून ठेवले पाहिजे. नाहीतर उद्या हीही कथा पोलिसांच्या पंचनाम्यातूनच वाचावी लागेल.