राष्ट्रीय ग्रंथालय आणि आमचे रुमाल

कोलकात्याचें ग्रंथालय १९०३ सालीं ‘इंपीरियल लायब्ररी’ म्हणून लोकांस खुलें झालें व १९४८ सालीं राष्ट्रीय ठरलें. १९५४ च्या कायद्यान्वयें प्रत्येक प्रकाशकानें नव्या ग्रंथाची प्रत ३० दिवसांचे आंत स्वखर्चानें तेथें धाडली पाहिजे. मराठी ग्रंथांसही हाच नियम. व्यवस्था स्तुत्य खरी. परंतु ती छापील ग्रंथांपुरतीच आहे, हें तिचें वैगुण्य आम्हांस सांगणें प्राप्त आहे. वाड्यांतील मोडी रुमाल तिच्या कक्षेंत येत नाहींत. यदुनाथ सरकारांच्या संग्रहांतील फारसी हस्तलिखितें तेथें सुरक्षित आहेत, तीं संग्राहकाच्या परिश्रमामुळें. प्रत्येक रुमालास असा संग्राहक कोठून लाभणार? म्हणून कागद छापून काढावेत, हेंच आमचें सांगणें. छापलेल्या पत्रास कायदा थारा देतो. न छापलेलें वाळवीच्या स्वाधीन होतें.