शेवटची पंगत

दिवाळी अंक हाती आला की मी प्रथम अनुक्रमणिका चाळतो. कथा-कवितांसाठी नव्हे, एक ठरावीक लेख त्यात आहे ना, याची खात्री करून घेण्यासाठी. त्याचे शीर्षक दरसाल बदलते, लेखक बदलतो, गाव बदलते. पण आतला ऐवज तोच असतो. आजोळचा वाडा, शेणाने सारवलेले स्वयंपाकघर, पितळी डबे, केळीच्या पानांची पंगत, आईच्या हातचे पुरण, आणि शेवटी एक सुस्कारा की ती चव आता उरली नाही. थट्टेने हे लिहीत नाही. हा लेख मी दरवर्षी आवडीने वाचतो, आणि वाचता वाचता उठून फराळाचा डबाही उघडतो. शिवाय या प्रकारात माझाही एक गुन्हा नोंदलेला आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः असा एक लेख लिहिला होता.

त्यात आमच्या वणीचे घर होते, निर्गुडा नदी होती, जैताईच्या देवळाकडून येणारी वाट होती, आणि मध्यभागी आईचा गोळाभात होता. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, मीठ, हळद, हिंग आणि तेलाचे मोहन घालून गोळे वळतात, ते अर्ध्या शिजलेल्या भातात सोडून वाफवतात, आणि पानात वाढल्यावर गोळा फोडून वर मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी ओततात. लेख छापून आला. दूरदूरची पत्रे आली. कोणाला आपली आई आठवली, कोणाला आजी. मी मनातून बराच फुगलो.

भाऊबीजेला अक्का चंद्रपूरहून आली. ओवाळून झाल्यावर मी अंक तिच्या पुढ्यात ठेवला. तिने चष्मा लावून सावकाश, अक्षर न् अक्षर वाचले. मग अंक मिटून म्हणाली, "छान लिहिलं रे. सगळं खरं आहे. पण आई केव्हा जेवत होती, ते काहून नाही लिहिलं तू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या एका वाक्याइतकी नेमकी टीका माझ्या लेखनावर कोणी केली नाही. तेव्हापासून अन्नाविषयीचे मराठी लेखन मी अक्काच्या चष्म्यातून वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती आले, ते सणाच्या दिवशी आपल्यापुढे मांडतो.

पाककृतींच्या पुस्तकांपासून आरंभ करू. कारण घरोघरी पोचलेले वाङ्मय तेच. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली छापले गेले. स्वयंपाकावरचे हे आरंभीचे छापील मराठी पुस्तक एका पुरुषाचे आहे, ही गोष्ट गमतीची. पस्तीस वर्षांनी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आले. आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. या शेवटच्या पुस्तकाची थोरवी मला त्याच्या वाटी-चमच्यांत दिसते. आमच्या आयांचे सारे शास्त्र 'अंदाज' या एका शब्दात मावत होते. "मीठ किती घालू?" असे विचारले की "लागेल तितकं" हे उत्तर! ज्या मुलीचे माहेर चारशे मैलांवर आहे, जिच्या नव्या बिऱ्हाडात विचारायला कोणी वडीलधारी बाई नाही, तिने त्या 'लागेल तितक्या'चे काय करावे? कमलाबाईंनी तिच्या हाती वाटी आणि चमचा दिला. गहिवर न आणता केलेले हे उपकार आहेत, आणि म्हणूनच ते टिकले. माप सांगणे हे पाककृतीच्या पुस्तकाचे कर्तव्य. रांधणारी केव्हा जेवली हे सांगण्याचे त्याने कबूल केलेले नसते. त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही.

कबूल करतात ते आठवणींचे लेख. आईविषयी सांगतो, असे म्हणून ते आरंभ करतात. पु. ल. देशपांड्यांचा 'हसवणूक' (१९६८) मधला 'माझे खाद्यजीवन' हा लेख या बाबतीत मला विशेष प्रामाणिक वाटतो. शीर्षकातच 'माझे' म्हटले आहे. बोलणारा खाणारा आहे, तो खाणाऱ्याच्या जागेवरून बोलतो, जिभेचे कौतुक करतो, आणि त्या कौतुकाला मातृभक्तीचे सोवळे नेसवीत नाही. आम्ही त्यांच्या मागून आलेले लेखक मात्र जीभ आपली ठेवतो आणि नाव आईचे घालतो. माझ्या लेखाचे शीर्षक होते 'आईचा गोळाभात'. त्यात आई किती होती? गोळे वळणारे दोन हात होते, घामाने भिजलेले कपाळ होते, "घे रे अजून एक" एवढे एक वाक्य होते. बाकी सगळा मीच होतो.

अन्नाच्या लेखनात माणूस दिसणे शक्यच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. त्याचा दाखला शोधायला आम्हा वऱ्हाडकरांना लांब जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातले ऋद्धिपूर हे मराठी गद्याचे माहेर. इसवी सन १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी तेथे 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ उघडून पाहा: तत्त्वज्ञानाच्या शेजारी जागोजाग जेवणे आहेत. कोणी काय रांधले, कोणी वाढले, कोण रुसले, हे सारे टिपलेले आहे. त्याच परंपरेतल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात तर मौज आहे. हा महापुरुष वाटेल त्या घरात शिरतो, शिजलेले असेल ते मागून खातो. महारवाड्यात जातो, मांगांच्या घरी जातो, तेथून तसाच ब्राह्मणांच्या घरांत येतो, आणि गाव कुरकुरत राहतो. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला एक गोष्ट कळली होती. अन्नाची हकीगत सांगायची तर चूल कोणाची, वाढणारे कोण, आणि उंबऱ्याबाहेर कोणाला थांबवले होते, हे सांगावेच लागते. चव त्यानंतरची.

याच्या नेमक्या उलट टोकाचे स्वयंपाकघर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त भेटते. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र आपण हसत हसत वाचतो. पण त्यातले माहेर आठवून पाहा. वडिलांना सोवळ्याचे वेड. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यायचा नाही, आणि त्यातून मीठसुद्धा सुटायचे नाही! त्या घरातल्या बायकांना 'घरच्या जेवणाचा दिलासा' हा शब्दप्रयोग ऐकवला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या? पुढे नवरा ख्रिस्ती झाला. त्यांच्याजवळ राहायला गेल्यावरही लक्ष्मीबाई आपले सोवळे सांभाळीत राहिल्या, आणि मग ते कसे गळून पडले, हे त्यांनी स्वतःवर हसत सांगितले आहे. गेलेल्या दिवसांवर त्यांचेही प्रेम आहे. पण ते प्रेम डोळे मिटून केलेले नाही, आणि म्हणूनच आपण त्यावर विश्वास ठेवतो.

आणखी दोन पुस्तके या दिवाळीत आपण जवळ ठेवावीत, असे मी सुचवीन. बेबी कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये कोवळ्या वयाची सून अंधारात दळायला उठते, आणि तिच्या भाकरीतली खोट चारचौघींत दाखवली जाते. भुकेइतकाच हा अपमान त्या घरच्या अन्नात मिसळलेला आहे, आणि लेखिकेने तो आपल्याच माणसांच्या बाबतीत लपवलेला नाही. दुसरे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५). मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या घरांत जे शिजत होते, त्याची ही हकीगत. कृती आहेत आणि कृतींमागचा इतिहासही आहे. पानावर बसताना आपण सारे जे वचन म्हणत आलो, त्यातल्या 'पूर्ण' या शब्दाआधी त्यांनी एक 'अ' ठेवला, आणि मराठीतल्या सगळ्या खाद्यलेखांना प्रश्न विचारला: तुमच्या 'मराठी जेवणा'त आमची चूल कोठे आहे? सणाच्या दिवशी हा प्रश्न कडू वाटेल. पण दिवाळीच्या पहाटे चिराटे फोडून कडू चाखण्याची रीत कित्येक घरांत आहे. फराळ त्यानंतर गोड लागतो.

इतके वाचून मी पुन्हा माझ्या लेखाकडे वळलो, आणि दुसऱ्याच्या लेखाची करतात तशी त्याची तपासणी केली. पहिला दोष भाषेचा निघाला. आमच्या घरी कोथिंबिरीला कोणी कोथिंबीर म्हणत नव्हते; 'सांभार' म्हणत. भाकरीला 'भाकर' म्हणत. लेखात मी दोन्ही शब्द बदलले होते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळावे म्हणून, असे तेव्हा स्वतःला सांगितले. खरे कारण संकोच हे होते. ज्या आईचे गुण गायला बसलो, तिचेच शब्द मला पंक्तीत बसवण्याजोगे वाटले नाहीत!

दुसरा दोष पंगतीचा. पहिली पंगत बाबांची, काकांची, पाहुण्यांची. दुसरी आम्हा मुलांची. त्या दोन्ही पंगतींचे मी रसभरीत वर्णन केले होते. तिसरी पंगत माझ्या लेखात नव्हती, कारण ती मी पाहिलीच नव्हती. तोवर आम्ही नदीवर पळालेले असू. ती पाहिली होती अक्काने. दुपारचे तीन वाजता आई, काकू आणि आत्या चुलीपाशी बसत. फोडणीचे तेल गार झालेले असे. गोळे बहुधा संपलेले असत. पातेल्याच्या बुडाची खरवड काढून आई आपल्या ताटात घेई आणि म्हणे, "मला खरवडच आवडते."

हे वाक्य आम्हा सर्वांना पाठ होते. लेखात मी ते आईच्या साधेपणाचा नमुना म्हणून घातलेही होते. आता वाचताना पेन तेथेच अडले.

कारण आवडीनिवडी हा आईचा खास प्रांत. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या अंगणात भुलाबाई बसत. गाणी झाली की खाऊ ओळखण्याचा कार्यक्रम. झाकलेला डबा हलवून, आवाज ऐकून, पोरी नावे घेत: लाडू, शेव, खोबरे, फुटाणे. आईचा डबा सहसा कोणाला ओळखता येत नसे. पण कोणत्या पोरीला तिखट चालत नाही, कोणाला गुळाचे हवे, हे गल्लीतल्या सगळ्या मुलींचे तिला ठाऊक असे. त्यातल्या काहींची माहिती त्यांच्या आयांनाही नसेल!

मागल्या भाऊबीजेला मी अक्काला विचारले, "अक्का, आईला खरंच खरवड आवडत होती का?"

ती हसली. "उरत होती ती आवडत होती."

"मग खरं काय आवडत होतं?"

अक्का बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला नाही माहीत रे." जिने तिसरी पंगत पाहिली होती, तिलाही माहीत नव्हते. आम्ही धाकट्याला विचारले, चुलत बहिणीला नागपूरला फोन केला. बाबांना काय आवडे ते सर्वांनी सांगितले. मामांना काय आवडे तेही सांगितले. आईचे कोणालाच सांगता आले नाही.

आमचे वणी विद्वानांना विसरणारे गाव नाही. लोकनायक बापूजी अणे १८८० साली येथेच जन्मले. राम शेवाळकर येथल्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांचे ग्रंथ, त्यांची व्याख्याने यांच्या आठवणी निघतात, आणि निघाव्यातच. पण ज्या स्वयंपाकघरांवर आम्ही गहिवरून लेख लिहितो, त्यांतल्या बाईची एक साधी आवडदेखील नोंदलेली नसते. आठवणींच्या या साऱ्या वाङ्मयावर माझा आक्षेप असलाच तर तो एवढाच आहे. त्यातले प्रेम खोटे नाही. पण ते आईच्या हातांपर्यंत येऊन थांबते, तिच्या जिभेपर्यंत पोचत नाही. पुढल्या वर्षी असा लेख समोर आला तर मी तो पूर्वीइतक्याच आवडीने वाचीन. फक्त वाचून झाल्यावर अक्काचा प्रश्न त्याला विचारीन.

माझा लेख मी पुन्हा लिहायला घेतला आहे. सांभार सांभारच ठेवला आहे. तिसरी पंगत अक्काच्या तोंडून ऐकून घातली आहे. आईच्या आवडीच्या ठिकाणी मात्र एक ओळ कोरी सोडली आहे. ती भरण्याचा अधिकार मला नाही, आणि आता कोणालाच नाही.

आपल्यापैकी ज्यांची आई आज चकल्यांच्या घाण्यापाशी बसली असेल, त्यांनी हा अंक क्षणभर बाजूला ठेवून उठावे आणि तिला विचारावे. "मला काय, सगळंच चालतं," असे ती म्हणेल. तेवढ्यावर परत येऊ नका.