लॉकडाऊनमध्ये सिगारेट सुटली की लागली? एका पेपरची झाडाझडती

जुलै २०२० मध्ये ब्रिटनमध्ये एक बातमी खूप फिरली. कोरोनाची साथ आल्यापासून तिथल्या दहा लाखांहून जास्त लोकांनी सिगारेट सोडली, असं त्या बातमीत होतं. ‘ॲक्शन ऑन स्मोकिंग अँड हेल्थ’ या संस्थेसाठी केलेल्या एका सर्व्हेवरून हा आकडा काढला होता. मागच्या चार महिन्यांत सिगारेट सोडलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांनी कोरोनामुळेच सोडली असं सांगितलं होतं. वर्षभराने, ऑगस्ट २०२१ मध्ये, दुसरी बातमी आली. पहिल्या लॉकडाऊनच्या काळात इंग्लंडमध्ये सिगारेट ओढणारी १८ ते ३४ वयाची माणसं साडेसहा लाखांनी वाढली.

आता यातलं खरं काय मानायचं? माझ्या मते दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, घोळ आहे तो आपण ते वाचतो त्या पद्धतीत. म्हणून आज दुसऱ्या बातमीमागचा मूळ पेपर उघडून बघू. तो सारा जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘ॲडिक्शन’ या जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आहे. पेपर चांगला आहे, आणि चांगल्या पेपरवर टीका करण्यातच मजा असते. वाईट पेपरमधून फारसं काही शिकायला मिळत नाही.

पेपर काय सांगतो

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा एक गट २००६ पासून दर महिन्याला इंग्लंडमधल्या लोकांना धूम्रपानाबद्दल प्रश्न विचारतो. दर महिन्याला माणसं नवी असतात, पण नमुना देशाचं प्रतिनिधित्व करेल असा निवडतात. त्यामुळे साथ आली तेव्हा या गटाकडे ‘आधी’ची माहिती तयार होती. लॉकडाऊन लागल्यावर घाईघाईने गूगल फॉर्म बनवून व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्या शेकडो अभ्यासांकडे नेमकी तीच नव्हती. तिथे लोकांना ‘आधी किती ओढायचात?’ असं आठवून सांगायला लावलं होतं. फॉर्म कोण भरतं? घरी बसलेला, नेट असलेला आणि अशा विषयात रस असलेला माणूस. या बाबतीत हा पेपर त्या सगळ्यांच्या बराच पुढे आहे.

सुमारे साडेवीस हजार प्रौढांच्या माहितीवरून आलेले मुख्य आकडे असे. एकूण लोकसंख्येत सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण लॉकडाऊनआधी १५.९ टक्के होतं, एप्रिल ते जुलै २०२० मध्ये १७ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस नाही. १८ ते ३४ वयोगटात मात्र प्रमाण २१.५ वरून २६.८ टक्क्यांवर गेलं आणि तो फरक ठोस आहे. त्याच वेळी, गेल्या वर्षभरात कधीतरी सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ती सोडलेल्यांचं प्रमाण ४.१ वरून ८.८ टक्के झालं, म्हणजे दुपटीहून जास्त.

पहिली कळीची गोष्ट इथेच आहे. स्वारगेटहून निघालेल्या एसटीत पन्नास माणसं होती आणि साताऱ्यात पोचली तेव्हाही पन्नासच होती, म्हणून वाटेत कोणी चढलं-उतरलं नाही असं कंडक्टर म्हणेल का? सरासरी आकडा हलला नाही म्हणजे काही घडलं नाही असं नसतं. लॉकडाऊनमध्ये एका दाराने बरेच लोक उतरले आणि दुसऱ्या दाराने तरुण लोक चढले. पहिली बातमी उतरणाऱ्यांची होती, दुसरी चढणाऱ्यांची.

मला खटकलेल्या गोष्टी

एक. ‘ठोस फरक नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही. एकूण प्रमाणासाठी पेपरमध्ये ऑड्स रेशो १.०९ आहे आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.९५ ते १.२४. सोप्या भाषेत सांगायचं तर हाती आलेली माहिती थोड्या घटीशीही जुळते आणि बऱ्यापैकी वाढीशीही. यातून ‘लॉकडाऊनचा एकूण धूम्रपानावर परिणाम झाला नाही’ असं वाक्य निघत नाही. ‘या चार महिन्यांच्या नमुन्यावरून सांगता येत नाही’ एवढंच निघतं. लेखक शब्द जपून वापरतात, पण पुढे पेपरचा दाखला देणारे तेवढे जपत नाहीत.

दोन. ‘साडेसहा लाख तरुणांना सिगारेट लागली’ हे वाक्य माहितीच्या पुढे जातं. दर महिन्याला माणसं नवी असल्यामुळे एकाच माणसाचा माग काढता येत नाही. वाढलेल्यांपैकी पहिल्यांदा ओढायला लागलेले किती आणि सोडलेली पुन्हा धरलेले किती, हे निव्वळ प्रमाणावरून कळत नाही. आणि उपाय तर दोघांसाठी वेगळे लागतात. नव्याने लागणाऱ्यासाठी किंमत, विक्री, जाहिरात यांकडे बघावं लागतं. पुन्हा धरणाऱ्याला आधार लागतो, ताण कमी करायला मदत लागते.

तीन, आणि हे सगळ्यात मोठं. साथीआधी हा सर्व्हे घरी जाऊन समोरासमोर व्हायचा, एप्रिल २०२० पासून तो फोनवर गेला. म्हणजे लॉकडाऊन ज्या महिन्यात सुरू झाला, जवळपास त्याच महिन्यात मोजपट्टीही बदलली. लॅबमध्ये कोणी प्रयोगाच्या मध्यावर वजनकाटा बदलला तर गाईड काय म्हणतील ते सांगायला नको! अर्थात इथे दुसरा पर्याय नव्हता, आणि लेखकांनी ही मर्यादा मान्यही केली आहे. पण परिणाम नीट समजून घ्यायला हवा. अनोळखी नंबर उचलून वीस मिनिटं बोलणारा पंचविशीतला तरुण आणि दार उघडणारा तरुण हे सारखे असतीलच असं नाही. शिवाय दिवाणखान्यात आईसमोर दिलेलं उत्तर आणि फोनवर दिलेलं उत्तर यातही फरक पडू शकतो.

दारूच्या आकड्यांना हे जास्तच लागू होतं. याच पेपरमध्ये धोकादायक प्रमाणात पिणाऱ्यांचं प्रमाण २५.१ वरून ३८.३ टक्क्यांवर गेलेलं दिसतं, तेही पब बंद असताना. एवढी मोठी उडी निव्वळ फोनमुळे आली असं मी म्हणत नाही. त्यातला किती भाग वागण्यातला आणि किती मोजण्यातला, हे वेगळं काढता येत नाही, एवढंच.

‘लॉकडाऊन’ म्हणजे कुठला?

चौथा मुद्दा पेपरपेक्षा या सगळ्या विषयाबद्दल आहे. आपण लॉकडाऊनबद्दल असं बोलतो जणू ती एकाच कंपनीची गोळी होती आणि सगळ्या देशांनी तेवढ्याच डोसमध्ये घेतली. इंग्लंडमध्ये सिगारेटची विक्री चालूच होती. दक्षिण आफ्रिकेत २७ मार्चपासून १७ ऑगस्ट २०२० पर्यंत तंबाखूविक्रीवर पूर्ण बंदी होती. तिथे केप टाऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या ऑनलाइन पाहणीत, सिगारेट न सोडलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी बंदीतही ती विकत घेतल्याचं सांगितलं. पुरवठा चोरट्या बाजारातून चालू होता आणि भाव कितीतरी वाढले होते. (ही पाहणीही स्वतःहून फॉर्म भरणाऱ्यांची, हे विसरायचं नाही.) पुढे डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या कोर्टाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. इंग्लंडचा आकडा घेऊन दक्षिण आफ्रिकेबद्दल बोलता येत नाही, आणि उलटही नाही.

आणि आपलं काय? भारतात १५ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या आदेशात दारू, गुटखा, तंबाखू यांच्या विक्रीवर कडक बंदी आणि थुंकायला मनाई होती. मे महिन्याच्या सुरुवातीला ती सैल झाली. ‘बघा, लोकांची व्यसनं आपोआप सुटली’ असं आपल्याकडे सहज बोललं जातं. पण ‘सिगारेट ओढता का?’ हा प्रश्नच आपल्याकडे अपुरा आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१६-१७ मध्ये केलेल्या मोठ्या तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या लोकांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करतात. धूर नसलेली तंबाखू, म्हणजे चुना लावून मळलेली, मिश्री, मावा, खर्रा हे सगळं धरून, वापरणारे आहेत २४.४ टक्के. विडी-सिगारेटचा आकडा कितीही नीट मोजला तरी मुख्य गोष्ट त्याच्या बाहेरच राहते.

‘मग एनएफएचएस-५ चे आकडे आहेत ना!’ असं कोणी म्हणेल. महाराष्ट्राचे आकडे प्रसिद्ध झाले डिसेंबर २०२० मध्ये, भर साथीत. पण महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता आणि त्या टप्प्याचं फील्डवर्क ३० जानेवारी २०२० पर्यंत संपलं होतं. म्हणजे त्यातली महाराष्ट्राची माहिती लॉकडाऊनच्या आधीची आहे. एनएफएचएस-४ आणि ५ शेजारी ठेवून ‘हा कोरोनाचा परिणाम’ म्हणणं म्हणजे पेरणीआधीचा फोटो दाखवून पिकाबद्दल बोलणं. कुठलाही सर्व्हे वाचताना प्रकाशनाची तारीख सोडा, फील्डवर्कची तारीख बघा.

मग यातून घ्यायचं काय

याच गटाने २०२३ मध्ये ‘बीएमसी मेडिसिन’मध्ये पुढचा पेपर काढला. यात आधी-नंतर अशी दोन टोकं न घेता २०१७ ते २०२२ ची अख्खी रेघ बघितली आहे. साथीआधी इंग्लंडमध्ये धूम्रपानाचं प्रमाण वर्षाला ५.२ टक्के वेगाने घटत होतं, साथीच्या काळात हा वेग ०.३ टक्क्यांवर आला. उतार जवळपास थांबलाच. दहा लाख लोकांनी सोडल्याची बातमी वाचून खूश झालेल्यांसाठी हे उत्तर आहे: सोडणारे वाढूनही एकूण घट अडकली.

धोरण ठरवणाऱ्याने पहिली बातमीच डोक्यात ठेवली तर तो म्हणेल, संकट आलं की लोक स्वतःच सोडतात, समुपदेशनावर पैसे कशाला? पण २०२१ च्याच पेपरमध्ये एक आकडा आहे, ज्याची बातमी मला कुठे दिसली नाही. सोडायचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी फोनवरून, ॲपवरून वगैरे दूरस्थ मदत घेणाऱ्यांचं प्रमाण २.७ वरून १०.९ टक्के झालं. मदत हाताशी होती आणि लोकांनी ती घेतली. चुना-तंबाखू मळणाऱ्या आपल्या माणसाला पुढच्या संकटात अशी मदत मराठीत, फोनवर मिळेल का, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. आणि त्या मदतीचा उपयोग झाला की नाही हे कळायचं असेल तर मोजणी संकट यायच्या आधीपासून, दर महिन्याला चालू असावी लागेल.